पंच पाहिजे, पण दुसऱ्याच्या घरचा

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. इथं बेळगावात एका शाळेच्या मैदानावर पंधरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉलचा सामना होता. आमची धाकटी त्यात खेळत होती. साडेतीनची वेळ दिलेली. चार वाजले, सव्वाचार झाले, पंच काही येईनात. मग आयोजकांपैकी एकजण आम्हा आईबापांकडं आला. "नियम येणारं कोण हाय काय ह्यात? शिट्टी फुंकायला एक माणूस पाहिजे."

इतका वेळ सरावातल्या पोरींना "पास दे की गं", "डावीकडं जा" म्हणून घसा फोडणारे दहाबारा बाप होते तिथं. सगळ्यांना एकदम फोन आले. शेवटी समोरच्या संघाच्या कोचनंच शिट्टी गळ्यात अडकवली.

दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या पोरींना थ्रो-इन मिळाला. आमच्या बचावाच्या मागं एक बारकी पोरगी एकटी उभी होती. तिनं तो बॉल पायाखाली घेतला, वळली आणि गोलात मारला. आम्ही उठलोच. "ऑफसाइड! ऑफसाइड!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, हे आधीच सांगून टाकते. कोच गोंधळला. गोल त्याच्याच संघाचा आणि समोर वीसेक माणसं हात नाचवतायत. आपल्यावर पक्षपाताचा आळ येईल म्हणून त्यानं गोल रद्द केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सामना एक-शून्यनं आम्ही जिंकला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या धाकटी म्हणाली, "आई, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो."

"मग तू तिथं का बोलली नाहीस?"

"तू ओरडत होतीस की."

दुसऱ्या दिवशी नियम काढून बघितला. फुटबॉलचे नियम सगळे मिळून सतरा. त्यातला अकरावा ऑफसाइडचा. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट आलेला बॉल घेतला तर ऑफसाइड होत नाही. एका ओळीत लिहिलंय. त्या बारक्या पोरीचा गोल शंभर टक्के खरा होता आणि आम्ही मोठ्या माणसांनी ओरडून तो काढून घेतला. गोल रद्द झाल्यावर ती काही बोलली नव्हती. मोजे वर ओढले आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मला अजून ते मोजे दिसतात.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पंच-प्रशिक्षणाची सूचना हातात आली. दोन दिवस वर्ग, मग लेखी परीक्षा, मग धावण्याची चाचणी. 'महिलांनी अवश्य यावे' असंही खाली लिहिलेलं. माझं वय त्रेचाळीस. शाळेत असताना खो-खो खेळले, त्यानंतर पळणं म्हणजे बस पकडण्यापुरतं. जावं की नको? हा प्रश्न मी घरात आणि घराबाहेर आठ-दहा जणांना विचारला, आणि जी उत्तरं मिळाली त्यांच्यावर मला आज बोलायचंय.

पहिलं उत्तर आमच्या अण्णांचं. माझे थोरले दीर. फुटबॉलचे अट्टल शौकीन. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुकान पोराच्या हवाली करून जाणारे. ते म्हणाले, "पंचाला आईबहिणीवरनं शिव्या खाव्या लागतात. बाईमाणसानं कशाला त्यात पडायचं?" बोलण्यात काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण अण्णा, त्या शिव्या देतं कोण? आभाळातनं पडतात काय? तुमच्या शेजारी बसलेला माणूस देतो, तुम्ही हसता. कधी तुम्हीही देता. म्हणजे मैदान आपणच घाण करायचं आणि मग घाण आहे म्हणून घरच्या बायकांना सांगायचं, तिकडं फिरकू नका. आपल्याकडं बायकांना जिथं जिथं जाऊ दिलं नाही, तिथं हीच युक्ती वापरलीय. रस्ता वाईट आहे म्हणून बाहेर पडू नको. आणि रस्ता वाईट करणारे मात्र त्याच रस्त्यावर पान चघळत उभे.

आणि शिव्या हा काही पाऊसवाऱ्यासारखा निसर्गाचा नियम नव्हे. ठरवलं तर कमी करता येतात. इंग्लंडमध्ये २०१९च्या हंगामापासून खालच्या पातळीच्या हौशी सामन्यांत पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं मैदानाबाहेर बसवतात. २०२३ साली तिथं हौशी पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून बघायला सुरुवात झाली, कारण पंच सोडून चालले होते. सोडून जाणाऱ्यांना त्यांनी भित्रे म्हटलं नाही, दोष ओरडणाऱ्यांचा धरला. आपल्याकडं उलटं. पंच आला नाही तर 'कामचुकार', आला तर 'विकला गेलेला'.

दुसरं उत्तर माझ्या मैत्रिणींचं, ते जास्त लागलं. "अगं, तुझा स्वभाव मऊ. तू सगळ्यांना सांभाळून घेणारी. तुला नाही जमायचं." आता हे कौतुक आहे की टोला, मला अजून कळलेलं नाही. पण त्यात एक गोष्ट खरी आहे. आम्हाला लहानपणापासून समजूत घालायला शिकवलं जातं. भावाभावांत भांडण लागलं की आईनं मध्ये पडायचं, दोघांनाही थोडं थोडं दटावायचं, थोडं थोडं द्यायचं, आणि सगळ्यांना जेवायला वाढायचं. कोण बरोबर आणि कोण चूक, ते मात्र बोलायचं नाही. ते बोलायला घरातले पुरुष आहेत.

मराठीत या माणसाला आपण पंच म्हणतो. किती जुना शब्द. गावाचे पंच, जातीचे पंच. आमच्या बस्तीलाही पंचकमिटी आहे. लग्न होऊन इथं आले त्याला वीस वर्षं झाली, त्या कमिटीत बाई बघितली नाही. दशलक्षणाच्या दहा दिवसांत स्वयंपाक, रांगोळी, पोरांचे कार्यक्रम सगळं आमच्याकडं. हिशेब आणि निवाडा त्यांच्याकडं. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना आम्हाला पाठशाळेत शिकवल्या. पहिल्या तीन बायकांच्या अंगी आहेत असं सगळे म्हणतात. चौथीचं नाव निघालं की खुर्च्या पुरुषांसाठी मांडल्या जातात.

फुटबॉलचा पंच समजूत घालत नाही, ही मला त्यातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट. एके काळी तिथंही समजुतीचाच कारभार होता. दोन्ही संघांचा एकेक अंपायर मैदानात असायचा, आणि त्यांचं पटलं नाही तर वाद बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याकडं न्यायचा. ज्याच्याकडं वाद न्यायचा तो रेफ्री, शब्दच तसा झालाय. १८९१ साली त्या तिसऱ्याला आत आणलं आणि अंपायरांना लाइनवर पाठवलं. पुढं केन अ‍ॅस्टन नावाच्या इंग्लिश पंचाला, पेशानं शाळामास्तर, रस्त्यावरच्या सिग्नलवरून पिवळ्या-लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती कार्डं आली. कार्ड वर केलं की बोलणं संपलं.

आणि तरीही ही हुकूमशाही नाही. चुकीचा निर्णय दिलाय असं लक्षात आलं तर पंचाला तो बदलता येतो, पण खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. एकदा बॉल चालू झाला की ती चूक तुमची, ती घेऊनच उरलेला सामना खेळवायचा. मी हे वाचलं तेव्हा तो रद्द झालेला गोल आठवला. त्या कोचकडं अर्धं मिनिट होतं. कुणीतरी एकानं, एखाद्या नियम येणाऱ्या आईनं, जवळ जाऊन "सर, थ्रो-इन होता" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

फौल होऊनही शिट्टी न वाजवणं, ज्याच्यावर फौल झाला त्याचा फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवणं, आणि तो फायदा दोनचार सेकंदांत मिळाला नाही तर मग मागे येऊन शिट्टी देणं, हाही नियमच आहे. हे बायकांना कळणार नाही म्हणणाऱ्यानं एकत्र कुटुंबातल्या सुनेचा एक दिवस बघावा.

"पण बायका पुरुषांच्या सामन्याला पुऱ्या पडतील काय?" हा प्रश्न खरं तर आता विचारायलाच नको. १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये, पुरुषांच्या विश्वचषकात, जर्मनी-कोस्टारिका सामन्याची शिट्टी स्तेफानी फ्रापार या फ्रेंच बाईच्या हातात होती, आणि दोन्ही लाइनवरही बायकाच होत्या. इतक्या लांब जायला नको. आमच्या घाटाखाली गोव्यात उवेना फर्नांडिस आहेत. जॉर्डनमध्ये २०१६ साली झालेल्या मुलींच्या विश्वचषकात त्या सहायक पंच होत्या. घाट उतरून गेलेली इथली किती माणसं त्यांचं नाव सांगतील? गोव्यातल्या काजूची दुकानं मात्र पाठ आहेत.

तरी मी हे मान्य करते की फ्रापारचं नाव घेऊन माझा प्रश्न सुटत नाही. मला विश्वचषकाला जायचं नाही, वय मला तिथं जाऊ देणारही नाही. मला फक्त शनिवारी-रविवारी शाळेच्या पोरापोरींचे सामने खेळवायचेत. आणि तिथल्या अडचणी खऱ्या आहेत. बऱ्याच मैदानांवर बायकांना कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही. मानधन म्हणाल तर जाण्यायेण्याचं भाडं आणि वर चहा. अंधार पडल्यावर चिडलेल्या माणसांतून स्कूटीपर्यंत एकटीनं चालत जायचं. ज्या बाईला हे नको वाटतं तिला मी 'धीट हो' म्हणणार नाही. धीट हो म्हणणं फार सोपं असतं, ते आयोजकांना एका कुलपाच्या खोलीपेक्षा स्वस्त पडतं. माझ्यापुरती मी अट घातलीय: उजेडातले सामने, आणि खोली असेल तिथंच. माझं संध्याकाळचं जेवण तसंही दिवस मावळायच्या आत असतं, त्यामुळं वेळेचं भांडण आपोआप मिटलं.

राहिलं तिसरं उत्तर, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. मैदानावरच्या त्याच बापांपैकी एकाचं. "तुम्ही जाताय होय? चांगलं की. कोणीतरी पाहिजेच." कोणीतरी! म्हणजे तुम्ही नाही, तुमची बायको नाही, बारावीला असलेली तुमची पोरगीही नाही, कारण तिला अभ्यास आहे. पंच सगळ्यांना पाहिजे. वेळेवर पाहिजे, डोळ्यात तेल घालून बघणारा पाहिजे, आपल्या बाजूनं चुकला तर चालणारा पाहिजे. फक्त तो दुसऱ्याच्या घरातनं यावा. पोरांच्या बुटांना तीन-तीन हजार घालतो आपण, उन्हाळ्यात कोचिंग लावतो, जर्सीवर नाव छापतो. आणि ज्याच्यावाचून सामना सुरूच होत नाही त्या माणसासाठी दोन दिवस काढायला गावात कोणाला सवड नाही. सतरा नियम वाचायलाही नाही. मग ओरडायला तरी सवड कुठून मिळते?

मला कोणी सांगेल, तुझाही अपराधी मनाचा सौदाच आहे हा. एका गोलाचं प्रायश्चित्त. असेल. त्या बारक्या पोरीला तिचा गोल आता मिळायचा नाही. तिचं नावही मला ठाऊक नाही.

फॉर्म भरून दिलाय. खडेबाजारातनं दोन शिट्ट्या आणल्या, एक बिघडली तर दुसरी. पहाटे लेले मैदानाला फेऱ्या मारते. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या फेरीला कंबरेवर हात ठेवून उभी राहिले होते, आता चार होतात. गुडघा कुरकुरतो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

सासूबाईंना यातलं काही पसंत नव्हतं. "ह्या वयात शिट्टी फुंकत पळणार काय गे?" म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. परवा मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाटाण्यांचे दोन संघ मांडून ऑफसाइड पाठ करत होते. त्या भाजी निवडता निवडता बघत होत्या. एक वाटाणा मी पुढं सरकवला आणि मनाशीच म्हटलं, "ही ऑफसाइड."

"कधीचं धरायचं गे?" त्यांनी विचारलं. "बॉल मारला तवाचं, का हिला पोचला तवाचं?"

अण्णांना गेली तीस वर्षं हे नीट सांगता आलेलं नाही. मी म्हटलं, मारला तेव्हाचं. त्यांनी वाटाणा उचलून पुन्हा मागं ठेवला.