किल्ले बघण्यासाठी की खेळण्यासाठी?

दिवाळीत आपल्या गोव्यात नरकासुर उभे राहतात. चोर्ला घाट ओलांडून बेळगावात उतरलो की दिसतात किल्ले. गल्लोगल्ली पोरे माती, दगड आणि पोती जमवून रायगड, राजगड, प्रतापगड उभारतात. निपाणीकडेही तेच. स्पर्धा होतात, परीक्षक येतात, बक्षिसे वाटली जातात. कौतुक मलाही आहे. पण किल्ला पुरा झाला की त्याच्याभोवती दोरी बांधली जाते. लांबून बघा, हात लावू नका! माझे भांडण या दोरीशी आहे.

वाचकहो, टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकांचे खेळ तुमच्या मुलांनी एव्हाना घरात आणले असतील. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तिथून हे सुरू झाले. एकजण सूत्रधार, बाकीचे पात्रे. कुणी हेर, कुणी वैद्य, कुणी लढवय्या. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचे, जमले की नाही ते फासे ठरवणार. आणि मध्ये पसरलेला नकाशा. पण हा नकाशा कुठला? बर्फातल्या युरोपी गढ्या आणि ड्रॅगनच्या गुहा. सह्याद्री दारात असताना हे उसने कशाला?

या खेळात नकाशा सुंदर असून भागत नाही, तो उपयोगी असावा लागतो. आत शिरायला किमान दोन वाटा हव्यात. एकच दार आणि एकच बोळ असला तर खेळणाऱ्याला ठरवायला काही उरतच नाही. पाणी कुठे, धान्य कुठे, पहारा कधी बदलतो, कडा कुठे चढण्याजोगा आहे हे कळले पाहिजे. आणि प्रती दोन लागतात: सूत्रधाराच्या प्रतीत चोरवाट असते, खेळणाऱ्यांच्या प्रतीत ती जागा कोरी. ती कोरी जागा भरत जाणे म्हणजेच खेळ.

मी सरकारी कारकून. कचेरीतल्या नकाशात जमीन कुणाची ते कळते, तिथून चालायचे कसे ते कळत नाही. एक हद्दीचा नकाशा, दुसरा वाटेचा. सीमाभागाच्या नशिबी 1956 पासून पहिलाच आला. 1967 चा महाजन अहवाल, 865 गावांची मागणी, 2004 पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा... हे सगळे हद्दीचे. 2014 साली येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून लाठ्या चालल्या. त्या मागणीला मी क्षुल्लक म्हणत नाही. पण येळ्ळूरच्याच माथ्यावर राजहंसगड उभा आहे, आणि त्यावर रात्री गुपचूप कुठून चढता येईल हे बेळगावच्या किती पोरांना ठाऊक आहे?

खुद्द बेळगावचा किल्ला घ्या. भोवती खंदक, आत कमल बसदी आणि साफा मशीद. 1818 साली मन्रोच्या तोफांपुढे तो जवळजवळ तीन आठवडे टिकला. त्या तीन आठवड्यांत आतला निरोप बाहेर कसा न्यायचा? झाला की एक डाव तयार! आणि डावाला किल्लाच हवा असेही नाही. 1981 साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला. महामार्ग, वखारी, आडवाटेची गावे असा नकाशा काढा. कुणी शेतकरी व्हा, कुणी व्यापारी, कुणी विडी वळणारी बाई.

आता आक्षेप येणार तो मला माहीत आहे. खेळायचे म्हटले की कुणीतरी समोरच्या बाजूने बसले पाहिजे. मग महाराजांच्या विरुद्ध कोण बसणार? हा अपमान नव्हे का? बेलवडी याच बेळगाव जिल्ह्यात आहे. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मराठी फौजेला तिथल्या गढीने झुंजवले. गढी लढवणारी बाई आपल्या बखरीत सावित्री आहे आणि कन्नड परंपरेत मल्लम्मा. मराठी पोराने एक संध्याकाळ त्या गढीत बसून दाणागोटा मोजावा, कन्नड पोराने वेढा घालावा. पुढच्या डावात बाजू बदलाव्यात. यात महाराज लहान होत नाहीत. उलट गढी घेणे किती अवघड असते ते कळल्यावर आदराला वजन येते. नुसत्या जयजयकारातून हे कळत नाही.

प्रतिकृतीचे शास्त्र मला मान्य आहे. बुरूज बरोबर जागी हवेत, माप नीट हवे. पण मापाचा वापर नको का? स्पर्धेने नरकासुराचे काय झाले ते आपण पाहतोच: उंची वाढली, आवाज वाढला. किल्ल्यांचे तसे होऊ द्यायचे नसेल तर बेळगाव-निपाणीच्या मंडळांनी एवढेच करावे. निम्मे गुण देखाव्याला ठेवा, निम्मे खेळाला. प्रत्येक किल्ल्यासोबत चौकटींच्या वहीत काढलेला नकाशा मागा. परीक्षकांनी दुसऱ्या गल्लीतली चार पोरे बोलवावीत, कोरा नकाशा हाती द्यावा आणि म्हणावे, 'घ्या हा गड!' आतल्यांनी तो राखावा.

आणि त्या चार पोरांत एखादे कन्नड शाळेतले असेल तर फारच उत्तम. दोरी तेवढी आधी सोडा.