पालिका गावाबाहेर नको

पुण्यात पीएमपीचा कंडक्टर 'मनपा, मनपा' म्हणून ओरडतो, तेव्हा त्याच्या मनात महापालिका नसते, बसस्थानक असतं. इमारतीचं नाव थांब्याला चिकटलं आणि थांबाच वरचढ झाला. पूर्वी पुण्याची नगरपालिका विश्रामबागवाड्यात होती. तिथून निघाली ती नदी ओलांडून शिवाजीनगरला, पुलाच्या तोंडाशीच थांबली. २०१८ मधली विस्तारित इमारतही जुनीला लागूनच झाली आणि २०२३ मध्ये मेट्रोचं स्थानक जवळ आलं. मुख्यालय कुठे असावं, याचा इतका चांगला दाखला हाताशी असताना नव्या इमारतीचा विषय निघाला की कारभारी मंडळी नकाशाच्या कडेकडे का बघतात, हे मला कळत नाही.

त्यांचा पूर्वपक्ष असा : गावात गर्दी, गाड्या लावायला जागा नाही, जमीन महाग. बाहेर मोकळा भूखंड आहे, तिथे ऐसपैस इमारत उभी राहील, मागोमाग शहरही तिकडे वाढेल. आणि आता सगळं ऑनलाइन झाल्यावर मुख्यालयात जातंय कोण?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो चटकन पटतो. मिळकतकर मोबाइलवर भरता येतो, खरं आहे. पण वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलं, किंवा घरात भाडेकरू नसताना भाडेकरूची आकारणी लागली, की तोच मोबाइलवाला माणूस पिशवीत झेरॉक्स भरून खिडकीसमोर उभा राहतो. सोपी कामं घरी गेली, उरली ती अडलेली. म्हणजे ज्यांना तीन-तीन खेपा घालायच्या आहेत, त्यांच्यापासूनच खिडकी लांब न्यायची!

पार्किंगबद्दल फार बोलायला नको. ते आत बसणाऱ्यांचं दुखणं आहे.

'शहर तिकडे वाढेल' हे मात्र अर्धं खरं आहे. वाढतात आधी जमिनीचे भाव, आणि कुणाच्या जमिनीचे, हे घोषणेपूर्वीच ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या. नवी मुंबईचं पाहा. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर असं हे लांबट शहर. २०१४ पासून पालिकेचं मुख्यालय पाम बीच रस्त्याच्या टोकाला, किल्ले गावठाणापाशी, म्हणजे शहराच्या दक्षिण कडेला आहे. इमारत देखणी आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. पण दिघ्याच्या माणसाला आख्खं शहर ओलांडून तिथे जावं लागतं. बेलापूरच हवं होतं म्हणावं, तर सिडको भवन आणि कोकण भवन स्टेशनच्या बाजूला आहेत. मुख्यालय त्या घोळक्यापासूनही फटकून. विभाग कार्यालयं आहेत, हे मान्य. पण तिथून 'हे वरून होईल' असं ऐकलेला माणूस शेवटी कुठे जातो?

मुंबईचं उदाहरण जुनं असलं तरी मला अजून ताजं वाटतं. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं बोरीबंदरचं स्टेशन १८८८ मध्ये पुरं झालं आणि त्याच स्टीव्हन्सची पालिकेची इमारत १८९३ मध्ये त्याच्यासमोर उभी राहिली. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा, पोचलात. हेतू साहेबी थाटाचा असेल. सोय मात्र कल्याणहून येणाऱ्या माणसाचीही झाली. आणि पलीकडेच आझाद मैदान. याची किंमत आपण करत नाही. पालिकेच्या दारात हंडा मोर्चा येतो, तेव्हा रिकाम्या हंड्यांचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जावा लागतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थबकून बघावं लागतं. महामार्गाकडेच्या भूखंडावर हंडे वाजवून ऐकणार कोण? सिक्युरिटीवाला.

गर्दीचा आक्षेप खोटा नाही. पुलाच्या तोंडाशी संध्याकाळी जो चक्का जाम होतो, त्यात मीही अडकतो. जुन्या इमारतींत वायरिंग जुनं आणि जिन्यात कपाटं, हेही पाहिलंय. पण यावरचा उपाय वेगळा आहे. बाहेर न्यायचंच असेल तर दफ्तरं न्या, भांडार न्या, ज्या खात्यांशी नागरिकाचा वर्षभर संबंध येत नाही ती न्या. खिडक्या, सभागृह आणि महापौर गावात ठेवा. जागा ठरवताना प्रत्येक प्रभागातून बसने किती वेळ लागतो आणि किती बस बदलाव्या लागतात, याचा तक्ता आधी लोकांसमोर मांडा. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण उठलं की आपण हरकती-सूचनांचा पाऊस पाडतो. पालिकेच्या भूखंडावर हरकत घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

गेल्या वर्षी एका शहरात, नाव नको, आत्याच्या घराच्या कामासाठी अशाच नव्या मुख्यालयात गेलो. बसने महामार्गावर सोडलं. दुभाजकाच्या फटीतून पलीकडे गेलो, मग पंधरा मिनिटं पायपीट, फुटपाथ नाही, चहाची टपरी नाही. फाटकावर रजिस्टर होतं : नाव, गाव, काम, गाडी नंबर. चौथा रकाना मी सोडला, तर रखवालदार म्हणाला, "साहेब, गाडी नंबर?" म्हटलं, चालत आलोय. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्या रकान्यात स्वतःच आडवी रेघ ओढली. वरच्या पानभर सगळे नंबर होते.