हात धरावा कसा?

घरातील वृद्ध व्यक्तीला चालवताना आपण बहुधा तिचा दंड घट्ट धरतो आणि तिला पुढे ओढतो. हेतू काळजीचाच असतो. परंतु ओढले जाणारे शरीर आपोआप ताठरते, पाऊल अडखळते आणि ज्या पडण्याची आपल्याला भीती असते तेच जवळ येते. हात कसा धरावा, हे ज्यांच्याकडून शिकावे असे एक शिक्षक आहेत : ब्लूज या जोडीनृत्याचे.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजाचे संगीत. विसाव्या शतकात लक्षावधी कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेकडील शहरांत स्थलांतरित झाले. त्यांच्याबरोबर हे संगीत आणि त्यावरील नृत्य शिकागोसारख्या शहरांत पोहोचले. हे नृत्य वाढले ते लहान, दाटीवाटीच्या जागांत. म्हणून त्यात मोठ्या उड्या क्वचितच. गुडघे किंचित सैल, पावले जमिनीला धरून आणि ठेक्याबरोबर सर्वांगात एक मंद, अखंड स्पंदन.

हे नृत्य शिकवण्याची रीतही तशीच संथ आहे. अनेक वर्गांत आरंभी पदन्यास नसतो. शिष्याने एकट्याने उभे राहून ठेका ऐकायचा, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा आणि मग साधे चालायचे. त्यानंतर जोडीदार. बहुधा दोन शिक्षक एकत्र शिकवतात. एक नेणाऱ्याची भूमिका समजावतो, दुसरा साथ देणाऱ्याची. नेणाऱ्याला बजावले जाते, की हाताने ढकलू नका. आधी स्वतःचा भार हलवा, जोडीदाराला तो जाणवू द्या आणि त्याचे पाऊल पूर्ण होईपर्यंत थांबा. साथ देणाऱ्यानेही अंग सोडून द्यायचे नसते. आपला तोल आपणच सांभाळायचा असतो. शिवाय जोडीदाराला विचारल्याशिवाय जवळ घ्यायचे नाही, हा तेथील शिष्टाचार. फुगडी खेळलेल्या आजींना यातील मर्म सांगावे लागणार नाही : दोघींचा तोल दोघींनी मिळून राखायचा असतो.

आता हीच रीत आपल्या घरात आणून पाहा. बाबांना उठवण्यापूर्वी ‘उठू या का?’ असे विचारा. उठल्यावर क्षणभर उभे राहू द्या. चक्कर येत असल्यास पुन्हा बसवा. एक बाजू दुर्बल असेल तर त्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. शक्य असेल तेथे त्यांचा हात तुम्ही पकडण्याऐवजी तुमचा हात त्यांना धरू द्या. मग किती आधार घ्यायचा, हे तेच ठरवतात. तुमच्या पावलाचा वेग त्यांच्या पावलाशी जुळवा.

पार्किन्सन आजारात काही वेळा पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी ओढणे विशेष धोक्याचे. थांबा, त्यांना शरीराचा भार सावकाश डावीकडे-उजवीकडे नेऊ द्या, ‘एक, दोन’ असा ठेका धरा आणि मग पाऊल टाकू द्या. ठेक्यामुळे पुष्कळदा अडलेली चाल मोकळी होते. टँगो हेही जोडीने चालण्याचे नृत्य. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते शिकलेल्या पार्किन्सन रुग्णांचा तोल सुधारल्याचे आढळले.

घरी करून पाहायचे असल्यास आवडीचे संथ गाणे लावा, भक्कम खुर्चीची पाठ किंवा ओट्याची कड धरायला सांगा आणि तुम्ही शेजारी उभे राहून दोघांनी मिळून फक्त भार बदला. दोन-तीन मिनिटे पुरेत. पायात न घसरणारी पादत्राणे हवीत, जमीन कोरडी हवी. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे असे काही झाल्यास तत्काळ थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या. अलीकडे पडणे, अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, कोणी तुम्हाला ओढत असेल तर ‘जरा थांब, माझे पाऊल पडू दे’ असे निःसंकोच सांगा. चालताना मदत घेणे म्हणजे चालण्यावरचा आपला अधिकार सोडणे नव्हे.