न सुटणारा ब्रेक

ब्रेक लागत नसेल तर गाडी धोक्याची, हे शाळकरी मुलासही कळते. लागलेला ब्रेक सुटत नाही, हाही तितकाच गंभीर दोष आहे. परंतु त्याकडे आपला वाहनमालक सहसा लक्ष देत नाही. गाडी जड चालते, पेट्रोल अधिक जाते, एका अंगास ओढते. तेव्हा ‘जुनी झाली, चालायचेच’ असे म्हणून तो स्वस्थ राहतो. या स्वस्थतेची किंमत बहुधा घरापासून दूर मोजावी लागते.

बासरची सरस्वती आणि माहूरची रेणुका ही दोन्ही दर्शने एकाच प्रवासात उरकण्याचा बेत करणाऱ्यास निर्मल व आदिलाबादचा रस्ता सोयीचा आहे. तो मुलूख आपणांस अगदीच परका नव्हे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले. उरलेल्या जिल्ह्यात मराठी आजही कानी पडते. मात्र तेथील उन्हाळा आपल्या गाडीची परीक्षा घेणारा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि निर्मलजवळ महबूब घाटाचा चढउतार आहे. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेने पिस्टनवर आणि हँडब्रेकच्या केबलवर धरलेला गंज येथे आपले खरे रूप दाखवितो.

यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. घासत राहिलेला ब्रेक तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलला पोहोचते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाते. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता, तोच घाटाच्या उतारावर लागेनासा होतो.

निदान कठीण नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर जावे, गाडी आपोआप थांबू द्यावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात धरून, स्पर्श न करता, उष्णता ताडून पाहावी. सर्व चाके तापली असतील, तर दोष बहुधा पेडल वा मास्टर सिलिंडरचा. पेडलला मोकळी चाल उरली नसेल, किंवा भलतेच तेल घातल्याने रबरी वॉशर फुगले असतील, तर तेलाची परतीची वाट बंद होते. मागचीच दोन चाके तापत असतील, तर हँडब्रेकची केबल आधी पाहावी. एकच चाक तापत असेल, तर ते जॅकवर उचलून मिस्त्रीकडून आपल्यासमक्ष ब्रेकचे निपल सैल करवावे. तेल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब नळीत अडकला होता. जुना रबरी होज पाइप आतून सुजला की असे घडते. तरीही चाक अडलेलेच राहिले, तर पिस्टन, स्प्रिंग वा ब्रेक शू यांत दोष आहे. या परीक्षेनंतर हवा काढणे विसरू नये. कारण न शोधता ब्रेक नुसता ढिला करून देणारा मिस्त्री रोग झाकतो.

वाटेतच चाकातून धूर येऊ लागला, तर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. हँडब्रेक न ओढता चाकाखाली दगड लावून गाडी निवू द्यावी. पावसाळ्यात दीर्घकाळ गाडी उभी ठेवतानाही हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत. दर दोन वर्षांनी तेल बदलावे.

ॲम्बेसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्या वयाची वाहने आजही अनेक घरी आहेत. १५ वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. शासनाने एवढी रक्कम घेतल्यावर तपासणी कागदावरच उरकली जाऊ नये, ही नागरिकाची अपेक्षा वाजवी आहे. प्रत्येक चाकाची पकड रोलरवर स्वतंत्रपणे मोजता येते. पकड सोडल्यावर ते चाक पुरते मोकळे होते की नाही, हेही त्याच वेळी पाहिले जावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. मालकांनीही रंगरंगोटीवर खर्च करण्यापूर्वी होज पाइप आणि वॉशर बदलावेत. जुनी गाडी बाळगणे हा काही अपराध नव्हे. परंतु तिच्या दोषाचा भुर्दंड घाटात समोरून येणाऱ्या निरपराध प्रवाशावर टाकण्याचा अधिकार कोणासही नाही.