जुनी आवृत्ती की नवी?

इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या पुतण्याने पत्राने विचारले, "काका, जुन्या बाजारातून माझदा एमएक्स-५ घ्यावयाची आहे. पहिली आवृत्ती घेऊ की दुसरी?" १९८९ साली आलेल्या पहिलीचे दिवे पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. १९९८ च्या दुसरीत ते स्थिर झाले; मागील खिडकीस प्लास्टिकऐवजी काच आली. मोह पहिलीचा, सोय दुसरीची! परंतु तेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने तळाचा पत्रा गंजतो, आणि गंज आवृत्ती पाहत नाही. मी कळविले, "गाडी उचलवून तळ पाहा. जिचा तळ शाबूत, ती घे. नाहीतर साठविलेली पुंजी दुरुस्तीत जाईल." जुना ग्रंथ घेताना आपणही आवृत्तीआधी वाळवीच पाहतो ना?