बायपासनंतर किती जण जगतात? बारामती-इंदापूरने विचारायचा प्रश्न

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत हृदयाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की दोन टोकांची वाक्ये ऐकू येतात. 'छाती उघडली की माणूस परत येत नाही' हे एक. 'आता योजनेत फुकट होतं, करून टाका' हे दुसरे. दोन्हींत आकडा नाही, आणि आकडा न विचारताच घरचे लोक संमतीपत्रावर सही करतात.

अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या राष्ट्रीय नोंदींनुसार फक्त बायपास झालेल्या १०० रुग्णांपैकी साधारण २ ते ३ जण ऑपरेशनच्या वेळी किंवा पुढच्या महिनाभरात दगावतात. बाकीचे घरी जातात. महाधमनीची झडप ठरवून बदलली तर धोका साधारण तेवढाच असतो. झडप आणि बायपास एकत्र करायचे असेल तर तो वाढतो. मोठ्या अटॅकनंतर घाईघाईने, किडनी बिघडलेली असताना किंवा साखर ताब्यात नसताना केलेल्या ऑपरेशनला मात्र हे आकडे लावता येत नाहीत. ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत कंत्राटावर जाणारा आपला माणूस छातीतली कळ 'ॲसिडिटी' म्हणून महिनोन्महिने अंगावर काढतो आणि नेमका अशाच अवस्थेत टेबलावर पोहोचतो.

स्टेंट की बायपास, हा पुढचा प्रश्न. 'सिंटॅक्स' या चाचणीचा १० वर्षांचा पाठपुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत स्टेंट टाकलेले २८ टक्के रुग्ण १० वर्षांत मरण पावले, तर बायपास झालेले २१ टक्के. याउलट दुखणे स्थिर असलेल्या रुग्णांवरच्या 'इस्केमिया' चाचणीत (२०२०) आधी औषधे देणे आणि थेट स्टेंट किंवा बायपास करणे यांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. अटॅक आलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे. पण दुखणे स्थिर असताना कुणी 'आजच्या आज टाका' म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो.

इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. अटॅकमध्ये दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे इंजेक्शन आपल्या उपजिल्हा रुग्णालयात आज शिल्लक आहे का, रात्री ईसीजी वाचणारे कोण आहे, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याकडूनही ही अपेक्षा ठेवायला हवी.

पैशाची बाजू पूर्वीइतकी अंधारी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तरीही खाट 'शिल्लक नाही' हे उत्तर आपल्या लोकांना किती सहज मिळते, ते वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती घरी आल्यानंतरची. धातूची झडप बसवलेल्याला जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी लागते, आणि तिचा डोस ठरवायला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. मजुरी बुडते म्हणून तपासणी चुकली, तर झडपेत गुठळी होते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. ऑपरेशन यशस्वी म्हणून नोंदलेला माणूस असा दोन वर्षांनी जातो, आणि गावात म्हणतात, 'ऑपरेशनने मारला'. अनेक झडपा बिघडतात त्या लहानपणी दाटीवाटीच्या घरांत होणाऱ्या घशाच्या संसर्गातून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने. वेळेवर आणि नियमित दिलेले पेनिसिलिन ते टाळू शकते. बायपासचेही तसेच: ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, तंबाखू सुरूच राहिली, तर नवीन वाहिनीही तुंबते.

न्यूयॉर्क राज्य १९९० च्या सुमारापासून बायपासचे मृत्यू रुग्णालयनिहाय प्रसिद्ध करते. त्यात रुग्ण किती गंभीर होता हेही हिशेबात धरलेले असते. नाहीतर गंभीर रुग्ण दारातूनच परत पाठवणारे रुग्णालय सर्वांत चांगले ठरायचे. आपल्या योजनेत दाव्यासोबत डिस्चार्ज किंवा मृत्यूचे कागद जोडलेले असतात. म्हणजे आकडे सरकारकडे आहेत, फक्त लोकांसमोर मांडलेले नाहीत.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. अर्ज राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा: पुणे जिल्ह्यातील अंगीकृत रुग्णालयांत मागील तीन वर्षांत योजनेतून किती बायपास, किती झडप-शस्त्रक्रिया आणि किती अँजिओप्लास्टी झाल्या, प्रत्येकीत रुग्णालयातच किती मृत्यू झाले, त्यांतले तातडीचे रुग्ण किती, आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतले किती. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.