वजनकाट्यावर पिनही तपासा

कार्तिकी वारीच्या दिंड्या आणि उसाच्या ट्रॉल्या सोलापूर जिल्ह्यात एकाच सुमारास रस्त्यावर येतात. राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात, तीसहून अधिक. मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा या पट्ट्यात पुढचे काही महिने रात्री-अपरात्री एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावत राहतात. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर बसवण्याची मोहीम निघते आणि ती निघायलाच हवी. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून माणसे गेली आहेत. पण रिफ्लेक्टर वाचवतो तो मागून येणाऱ्याला. ट्रॉली सुटली, उलटली किंवा ट्रॅक्टरलाच ढकलू लागली, तर त्या लाल पट्टीचा काही उपयोग नाही.

पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, वर ट्रॉल्यांचे लोखंड. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे एवढे ओझे थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ट्रॉली ढकलू लागते, ट्रॉलीची दांडी तिरकी होते आणि ट्रॅक्टर-ट्रॉली एकमेकांवर दुमडतात. चढाला याच्या उलट: वजन मागे ओढते, पुढची चाके उचलली जातात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून ओढायचे ते खालच्या हुकानेच. मागच्या आसाच्या वर कुठेही जोडणे म्हणजे ट्रॅक्टर उलटा अंगावर घेणे. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. शेतात जागेवर वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, एकेका चाकाला एक. डांबरी रस्त्यावर येताच ती पट्टीने एकमेकांना जोडायची असतात. ती तशीच सुटी राहिली आणि घाईत एकावरच पाय पडला, तर भरलेला ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. त्या अंगाला दिंडी चालत असू शकते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेचे तर बोलायलाच हवे. खालून लॉक नसेल तर खड्ड्याच्या हादऱ्याने ती वर उडून निघते. हरवली की हाताला लागेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालून खेप पुरी केली जाते. अमेरिकेत मोटारीमागे लहान ट्रेलर गोळा-वाटीच्या सांध्याने जोडतात. तिथेही ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार सांध्यावर येईल असा माल लावतात आणि सांधा सुटला तरी दांडी रस्त्यावर आपटू नये म्हणून तिच्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या बांधतात. आपल्या दोनचाकी ट्रॉलीलाही भाराचा हाच हिशेब लागू आहे: ऊस मागच्या बाजूला जास्त रचला की हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. चारचाकी ट्रॉली आपले वजन आपल्याच चाकांवर घेते. साखळी मात्र तिलाही हवी. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडावर तर ती हवीच, कारण तो जोड चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाही.

याचा सगळा दोष चालकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, वाहतूकदाराच्या डोक्यावर उचल असते, आणि खेप जितकी जड तितकी ती लवकर फिटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये ठेवले आहेत. रस्त्यावर हा दंड लावायला आधी वजन करावे लागते. कारखान्याच्या काट्यावर ते रोजच होते: प्रत्येक वाहन भरलेले एकदा आणि रिकामे एकदा, पावतीसह. जादा वजनाचा लेखी पुरावा कारखान्याच्याच दप्तरात पडून असतो.

तेव्हा मर्यादेपुढच्या टनांच्या वाहतुकीचे पैसे कारखान्यांनी देऊ नयेत. शेतकऱ्याला उसाचे पैसे मात्र पूर्ण द्यावेत, त्यात एक पैसाही कापू नये. गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत वाहने तासन् तास यार्डात उभी असतात. त्या वेळात एका फिटरने हातोडा, योग्य मापाच्या पिना, लॉक आणि साखळ्या घेऊन प्रत्येक जोड पाहावा. जो नादुरुस्त असेल तो तिथेच बदलावा आणि त्याशिवाय पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नये. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देते. या तपासणीची अट त्या परवान्यात आली, तर एकाही कारखान्याला शेजारच्याकडे बोट दाखवता येणार नाही.